होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांसाठी प्रमाणित चाचणी: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गप्पांत मार्च लागला की एकच प्रश्न फिरू लागतो: "यंदा कोणती टेस्ट घेताय?" आयोवा, स्टॅनफर्ड, कॅट, मॅप अशी नावं येतात आणि नवे पालक जे नाव जास्त वेळा कानावर पडलं ते मागवून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की सुरुवात नावापासून करूच नका. आधी राज्याचा कायदा बघा, मग चाचणी कोण घेऊ शकतं ते बघा, मग आपल्या मुलाकडे बघा. नाव सगळ्यात शेवटी ठरवा. या क्रमाने गेलात तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पहिली पायरी: कायदा वाचा, तोही मूळ शब्दांत

होमस्कूलिंग अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण त्याचे नियम ज्या त्या राज्याचे. टेक्सास, न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन इथे चाचणीची सक्ती नाही. कॅलिफोर्नियात खासगी शाळा म्हणून अ‍ॅफिडेव्हिट भरून घरी शिकवत असाल तर तिथेही नाही. ओहायोने वार्षिक मूल्यमापनाची अट २०२३ मध्ये काढून टाकली. त्यामुळे एडिसनमधल्या बहिणीला जे कधीच करावं लागत नाही, ते शार्लटमधल्या भावाला दरवर्षी करावं लागतं. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा सल्ला इथे कामाचा नाही.

ज्या राज्यांत मराठी कुटुंबं बऱ्यापैकी आहेत आणि चाचणीचा प्रश्न खरोखर येतो, त्यांतली काही राज्यं पाहू.

नॉर्थ कॅरोलायनात दरवर्षी चाचणी घ्यावी लागते. इंग्रजी व्याकरण, वाचन, स्पेलिंग आणि गणित हे चार विषय तिच्यात असायलाच हवेत. निकाल कुठे पाठवायचा नसतो. तो किमान एक वर्ष जपून ठेवायचा आणि तपासणीसाठी मागितला तर दाखवायचा. किमान गुणांची अट नाही. जॉर्जियात तिसरीच्या शेवटी पहिली चाचणी आणि नंतर दर तीन वर्षांनी एक. तिथेही निकाल घरीच राहतो.

व्हर्जिनियात १ ऑगस्टपर्यंत मुलाच्या प्रगतीचा पुरावा शाळा विभागाच्या सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे प्रमुखाकडे, पोचला पाहिजे. चाचणीचा मार्ग निवडलात तर एकत्रित निकाल चौथ्या स्टॅनाइनमध्ये किंवा त्याच्या वर हवा. (स्टॅनाइन म्हणजे काय, ते पुढे येतं.) मोठ्या मुलांसाठी एसएटी, एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या चाचण्यांचे किंवा पीएसएटी या एसएटीच्या पूर्वचाचणीचे गुणही चालतात. चाचणी नको असेल तर पात्र व्यक्तीकडून लेखी मूल्यमापन करून देण्याची सोय आहे.

न्यूयॉर्क सर्वांत काटेकोर. पहिली ते तिसरी लेखी वर्णनात्मक मूल्यमापन चालतं, चौथी ते आठवी किमान एक वर्षाआड चाचणी लागते आणि नववीपासून दरवर्षी. एकत्रित निकाल ३३ व्या पर्सेंटाइलच्या (याचा अर्थही पुढे येतो) वर हवा, किंवा आदल्या चाचणीच्या तुलनेत एका शैक्षणिक वर्षाची प्रगती दिसायला हवी. कोणत्या चाचण्या चालतात त्यांची नावं नियमातच दिली आहेत.

पेनसिल्व्हेनियात तिसरी, पाचवी आणि आठवी अशी तीनच वर्षं चाचणी लागते, पण ती आईवडिलांनी घ्यायची नाही. निकाल मुलाच्या पोर्टफोलिओत, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या फाइलमध्ये, लावायचा आणि तो पोर्टफोलिओ मूल्यमापकाने पाहायचा. वॉशिंग्टन राज्यात दरवर्षी चाचणी किंवा प्रमाणपत्रधारक शिक्षकाचं मूल्यमापन, यांपैकी काहीही एक चालतं आणि कागद घरीच ठेवायचा असतो. मिनेसोटात दरवर्षी चाचणी लागते आणि ती कोणती, हे सुपरिंटेंडंटशी बोलून ठरवावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावच्या शाळा विभागाबरोबर जे मूल्यमापन ठरेल ते करायचं. चाचणी हा त्यांतला एक पर्याय.

तुमचं राज्य वर नसेल तर राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर 'होम एज्युकेशन' किंवा 'होम इन्स्ट्रक्शन' शोधा. एचएसएलडीए (होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन) ही १९८३ पासून काम करणारी संस्था प्रत्येक राज्याच्या कायद्याचा सारांश देते. तो वाचायला सोपा आहे, पण शेवटचा शब्द कायद्याचाच. वाचताना पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या: कोणत्या इयत्तांना चाचणी लागते, कोणते विषय हवेत, घेणारा कोण असावा, किमान गुण आहेत का, आणि निकाल कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा. ते पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. कायदे बदलतात आणि स्थानिक कार्यालयातला माणूस कधी कधी कायद्यात नसलेलंही मागतो. अशा वेळी हातात मूळ मजकूर असला की बोलणं सोपं जातं.

एक शब्द नीट बघा: 'नॅशनली नॉर्म्ड' किंवा 'नॉर्म-रेफरन्स्ड'. त्याचा अर्थ, मुलाच्या निकालाची तुलना देशभरातल्या त्याच इयत्तेच्या मुलांच्या नमुन्याशी केलेली असली पाहिजे. सरकारी शाळांत वसंत ऋतूत होणाऱ्या राज्याच्या परीक्षा बहुतेक वेळा अशा नसतात. ठरलेला अभ्यासक्रम मुलाला किती आला, एवढंच त्या मोजतात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात राज्याची परीक्षाही चालते, इतरत्र चालेलच असं नाही. अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये महिन्याअखेरीस येणारी 'असेसमेंट' तर या कामासाठी जवळजवळ कधीच पुरत नाही.

दुसरी पायरी: चाचणी घेणार कोण?

इथे दोन वेगवेगळ्या अटी असतात आणि दोन्ही पाळाव्या लागतात. एक राज्याची, दुसरी चाचणी विकणाऱ्याची. पेनसिल्व्हेनियात विक्रेत्याने पालकांना परवानगी दिली तरी राज्य देत नाही. नॉर्थ कॅरोलायनात राज्याची हरकत नसते, पण आयोवा किंवा स्टॅनफर्डची छापील चाचणी मागवताना विक्रेता परीक्षकाकडे पदवी आहे का ते विचारतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे भारतातल्या विद्यापीठाची पदवी असते. ती चालते का, पुरावा म्हणून काय पाठवायचं, हे पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारून घ्या.

जिथे पालकांना मनाई आहे तिथे सोपा मार्ग म्हणजे दोन कुटुंबांनी एकमेकांच्या मुलांची चाचणी घेणं. घेणाऱ्या व्यक्तीने राज्याची आणि विक्रेत्याची अट पुरी केली की झालं. दुसरा मार्ग स्थानिक होमस्कूल को-ऑपचा, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेल्या गटाचा. बऱ्याच गावांत हे गट एप्रिल-मेमध्ये एकत्र चाचणी ठेवतात, अनेकदा एखाद्या चर्चच्या सभागृहात, आणि बाहेरच्या मुलांनाही घेतात. जागा जानेवारी-फेब्रुवारीतच भरतात, म्हणून आधी चौकशी करा. काही खासगी शाळाही आपल्या विद्यार्थ्यांबरोबर बाहेरच्या मुलाला बसू देतात. ऑनलाइन चाचण्यांसाठी कॅमेऱ्यावरून देखरेख ठेवणाऱ्या सेवाही आहेत, आणि नातेवाईक-मित्र फारसे नसलेल्या नव्या गावात त्या फार उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: चाचण्या आणि आपलं मूल

आयोवा चाचणीची सुरुवात १९३५ मध्ये आयोवा विद्यापीठात झाली. तिच्यातल्या विभागांना वेळेचं बंधन असतं आणि लहान मुलांच्या पातळ्यांत बराचसा भाग परीक्षक वाचून दाखवतो. घड्याळ लावून काम करायची सवय असलेल्या मुलाला ती छान जमते आणि पूर्ण संच तीन-चार दिवसांत विभागून घेता येतो. स्टॅनफर्ड तिच्याहून जुनी, १९२३ ची. सध्याची दहावी आवृत्ती वेळेच्या बंधनाविना घेता येते, म्हणून सावकाश, विचार करत काम करणाऱ्या मुलाला मी ती सुचवीन.

कॅट, म्हणजे कॅलिफोर्निया अचीव्हमेंट टेस्ट, होमस्कूलिंगवाल्यांत लोकप्रिय आहे, कारण ती स्वस्त आहे, आटोपशीर आहे आणि तिच्यासाठी पालकांकडे सहसा पदवी मागत नाहीत. मात्र विकत मिळणाऱ्या तिच्या काही आवृत्त्या फार जुन्या, अगदी १९७० च्या दशकातल्या आहेत. म्हणजे तुमच्या मुलाची तुलना आजच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या मुलांशी होते. राज्याची अट पुरी करण्यापुरती ती चालूही शकते, पण मूल आज नेमकं कुठे आहे हे जाणून घ्यायचं असेल तर नवी चाचणी घ्या. टेरानोव्हाची दुसरी आवृत्ती 'कॅट ६' या नावानेही ओळखली जाते आणि ती तुलनेने अलीकडची आहे. चाचणी कोणतीही असो, विक्रेत्याला सरळ विचारा: "नॉर्म्स (तुलनेसाठीच्या मुलांच्या नमुन्याचे आकडे) कोणत्या वर्षाचे आहेत?"

मॅप ग्रोथ ही एनडब्ल्यूईए संस्थेची संगणकावरची चाचणी. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे प्रत्येक मुलाचे जवळपास निम्मे प्रश्न चुकतातच, चाचणीची रचनाच तशी आहे. हे मुलाला आधी सांगा. एरवी सगळं बरोबर सोडवणारं मूल पहिल्याच वर्षी रडकुंडीला येतं, कारण प्रश्न अवघडच होत जातात. मॅपचा मोठा फायदा असा की तिचं मोजमाप, ज्याला 'रिट' गुण म्हणतात, सगळ्या इयत्तांसाठी एकच असतं. तिसरीतला आणि पाचवीतला आकडा शेजारी ठेवला की वाढ थेट दिसते. वर्षातून दोनदा घेतली तर घरच्या अभ्यासाचं नियोजन करायलाही ती उपयोगी आहे. चाचणीची सक्ती नसलेल्या राज्यात राहूनही मुलाचा अंदाज घ्यायचा असेल, तर मी हीच निवडेन.

वाचनात अडखळणाऱ्या, एका जागी फार वेळ न बसणाऱ्या किंवा डिस्लेक्सियाची शंका असलेल्या मुलासाठी वुडकॉक-जॉन्सनसारखी समोरासमोर घेतली जाणारी चाचणी जास्त न्याय्य ठरते. प्रशिक्षित व्यक्ती मुलाशेजारी बसून प्रश्न विचारते, मूल बरंचसं तोंडी उत्तर देतं आणि अडचण कुठे आहे हे त्या व्यक्तीला जागच्या जागी दिसतं. खर्च जास्त येतो. तरीही गोल काळे करायच्या कागदाने अशा मुलाचं ज्ञान झाकलं जातं, आणि वर्षभर त्याच्याबरोबर कष्ट केलेल्या आईवडिलांना तो खोटा आकडा फार लागतो. इथे पैसे वाचवू नका.

विषयांचीही पडताळणी करा. त्याच चाचणीचा छोटा 'सर्व्हे' संच आणि मोठा 'कम्प्लीट' संच असे प्रकार असतात. छोट्यात कधी स्पेलिंग गळतं, कधी विज्ञान. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात स्पेलिंग कोणत्या विभागात तपासलं जातं, हे विचारूनच मागवा.

चौथी पायरी: मागवणं आणि वेळापत्रक

बीजेयू प्रेस आणि सेटन या होमस्कूलिंगवाल्यांना चाचण्या पुरवणाऱ्या ओळखीच्या संस्था. दोन्ही ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या आहेत, पण चाचणी तीच असते आणि ती कोणालाही घेता येते. तारीख शेवटापासून मागे मोजा. व्हर्जिनियात १ ऑगस्टला निकाल द्यायचा तर जूनच्या सुरुवातीला चाचणी आटोपलेली बरी, कारण छापील उत्तरपत्रिका टपालाने परत जाणार, तपासून येणार, त्यात काही आठवडे जातात. म्हणजे मागणी एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात भारतात जायचं असेल, आणि आपल्यातले कितीतरी जण जूनमध्येच निघतात, तर सगळं एक महिना अलीकडे ओढा.

चाचणीची पातळी निवडताना मूल सध्या ज्या इयत्तेत आहे ती द्या. मूल गणितात दोन वर्षं पुढे असलं तरी राज्याला देण्याच्या अहवालासाठी पातळी वर नेऊ नका. तुलना चुकीच्या गटाशी होते आणि आकडा विनाकारण खाली येतो. हंगामही जुळला पाहिजे. शरद ऋतूतले आणि वसंतातले नॉर्म्स वेगळे असतात आणि मे महिन्यातल्या मुलाची तुलना सप्टेंबरच्या मुलांशी झाली तर निकाल फुगतो.

आलेलं पाकीट चाचणीच्या दिवसापर्यंत बंद ठेवा. प्रश्नांची छायाप्रत काढू नका, पुस्तिका मुदतीत परत करा. तुम्ही तसं लिहून दिलेलं असतं.

पाचवी पायरी: तयारी, विशेषतः भारतीय पुस्तकांतून शिकलेल्या मुलांची

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही, आणि आपल्या मुलांचे गुण बहुतेक वेळा इथेच जातात. आपल्यातले बरेच जण गणितासाठी बालभारती किंवा एनसीईआरटीची पुस्तकं वापरतात, आणि ती चांगलीच आहेत. पण त्या मुलाला इंच, फूट, यार्ड, पौंड, औंस, गॅलन आणि फॅरनहाइट वेगळं शिकवावं लागतं. क्वार्टर, डाइम, निकेल, पेनी यांची किंमत दुसरी-तिसरीच्या चाचणीत हमखास येते. लाख-कोटीने वाचणाऱ्या मुलाला मिलियन-बिलियनचे स्वल्पविराम अनोळखी वाटतात. तारखेत महिना आधी येतो.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. आयोवासारख्या चाचणीत चार शब्दांतला चुकीचा शब्द ओळखायचा असतो. 'कलर', 'सेंटर', 'फेवरिट' ही ब्रिटिश पद्धतीने शिकलेलं मूल तिथे अमेरिकन रूपालाच चूक ठरवतं. चाचणीच्या दोन महिने आधी अशा शब्दांची यादी करून फ्रिजवर लावा. मुलाला सांगा की दोन्ही रूपं बरोबर आहेत, इथे हे वापरायचं.

बाकी तयारी थोडकीच हवी. गोल नीट भरणं, प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराचा क्रमांक जुळवणं, न आलेला प्रश्न सोडून पुढे जाणं, हे एका आठवड्यात जमतं. महिनाभर सराव परीक्षांचा मारा करू नका. शाळेतली घाई टाळण्यासाठीच आपण मुलांना घरी शिकवतो.

सहावी पायरी: निकाल वाचणं

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. एमएचटी-सीईटीचा निकाल पाहिलेल्या पालकांना हे माहीत असतं, तरी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलीच्या कागदावर ५८ दिसलं की मन बोर्डाच्या निकालाकडे धावतं. ५८ वा पर्सेंटाइल म्हणजे नमुन्यातल्या शंभरातल्या सुमारे ५८ मुलांपेक्षा तिचा निकाल चांगला आहे. सरासरीच्या वर आहे. पेढे वाटण्याजोगा नसेल, पण काळजीचा मुळीच नाही.

स्टॅनाइनमध्ये सगळ्या मुलांचे १ ते ९ असे गट पाडलेले असतात आणि ४, ५, ६ म्हणजे सरासरी. चौथा गट २३ व्या पर्सेंटाइलपासून सुरू होतो, म्हणजे व्हर्जिनियाची अट ऐकायला वाटते तेवढी कडक नाही.

सर्वांत फसवा आकडा 'ग्रेड इक्विव्हॅलंट'. तिसरीतल्या मुलाच्या वाचनापुढे ६.८ दिसलं की 'आमचा बाळ सहावीचं वाचतो' अशी बातमी पुण्यापर्यंत पोचते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तिसरीच्याच चाचणीत सहावीच्या आठव्या महिन्यातल्या सरासरी मुलाला साधारण एवढे गुण मिळाले असते. सहावीचा अभ्यास त्याने केलेला नाही, चाचणीतही तो नव्हता. या आकड्यावरून पुस्तकं बदलू नका.

खरा उपयोग आतल्या पानांचा, जिथे गणिताचे अपूर्णांक, भूमिती, मोजमाप असे तुकडे केलेले असतात. तिथला कच्चा तुकडा हा पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास. एका वर्षी पाच-सात पर्सेंटाइल खाली-वर झालं तर त्यात मुलाच्या झोपेचा आणि नशिबाचाही वाटा असतो. तीन वर्षांची दिशा बघा, आणि त्यासाठी शक्यतो दरवर्षी तीच चाचणी घ्या.

निकाल राज्याच्या अटीखाली आला तर घाबरू नका. न्यूयॉर्कमध्ये तुमचा घरच्या शिक्षणाचा कार्यक्रम दोन वर्षांपर्यंत प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, ठेवून सुधारणेचा आराखडा मागतात. मिनेसोटात ३० व्या पर्सेंटाइलवर किंवा त्याच्या खाली आल्यास शिकण्यात काही अडचण आहे का याची पुढची तपासणी करून घ्यावी लागते. मूल हातातून काढून घेतलं जात नाही.

हायस्कूलची मुलं

नववीनंतर कॉलेजच्या दृष्टीने चाचण्या लागतात. पीएसएटी ऑक्टोबरमध्ये शाळांत होते. होमस्कूलिंगच्या मुलाला जवळच्या शाळेत जागा मागावी लागते, आणि ही विचारणा आदल्या वसंतातच करा. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीला नागरिकत्व आणि कायम वास्तव्याच्या अटी आहेत. एच-४ व्हिसावर असाल तर त्या आधी वाचा. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, मेमध्ये असतात, पण शाळा त्यांची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच दोन-चार शाळांच्या एपी समन्वयकांना फोन करा. पहिल्या शाळेने नाही म्हटलं तर दुसरी. एसएटीची नोंदणी थेट होते आणि शाळेच्या क्रमांकाच्या जागी होमस्कूलिंगसाठीचा ९७०००० हा क्रमांक टाकतात. जास्तीचा वेळ किंवा अन्य सवलत लागणार असेल तर या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या निर्णयाला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

मराठीचाही विचार करा. अव्हांट संस्थेची स्टँप ही भाषा-चाचणी मराठीतही आहे. तिच्यात लेखन आणि बोलणं तपासलं जातं. घरी मराठी बोलणाऱ्या आणि शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला परकीय भाषेचं श्रेय मिळवायचं असेल तर बाहेरच्या संस्थेचा असा निकाल ट्रान्सक्रिप्टला वजन देतो. कॉलेज तो धरतं का, हे त्या त्या प्रवेश कार्यालयात विचारा.

भारतात परतणार असाल तर

अमेरिकन चाचणीचा अहवाल भारतातल्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्याची जागा घेत नाही, पण मुलाची पातळी दाखवायला चांगला. आरटीई (शिक्षण हक्क) कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद आहे, त्यामुळे आठवीपर्यंत मार्ग निघतो. दहावीसाठी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) माध्यमिक परीक्षा वयाच्या १४ व्या वर्षापासून देता येते. बारावीच्या वयाचं मूल अमेरिकन होमस्कूल डिप्लोमावर भारतातल्या विद्यापीठात जाणार असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या समकक्षतेच्या अटी नववीतच वाचा. बारावीत कळून उपयोग नसतो.

कागद

प्रत्येक वर्षाच्या निकालाची मूळ प्रत, कोणी आणि कोणत्या तारखेला चाचणी घेतली याची नोंद, परीक्षकाच्या पदवीची किंवा पात्रतेची प्रत, सुपरिंटेंडंटला पाठवलेल्या पत्राची पोच आणि त्या वर्षीच्या कायद्याचं पान, एवढं एका फाइलमध्ये लावा आणि स्कॅन करून ठेवा. कायद्याने एकच वर्ष सांगितलं असलं तरी मूल कॉलेजात जाईपर्यंत फाइल टाकू नका. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात की नव्या शाळा विभागाने मागायच्या आत तीच दाखवता येते.